लोणोबा बोक्याच्या सुईची कहाणी

ऐका षष्ठीमाते, तुमच्या वाहनाची, मांजराची कहाणी. बायांनो, मुठीत अक्षता घ्या. मांडीवर मांजर असेल तर त्याला उठवू नका, त्यालाही ऐकू दे.

आटपाट नगर होतं. नगराला नदी होती, नदीला घाट होता, घाटावर एक घर होतं. त्या घरात एक सासू होती, भागीरथीबाई तिचं नाव. एक सून होती, मथुरा तिचं नाव. मथुरेचा नवरा व्यापाराला दूरदेशी असायचा. तो आला की घरात दिवाळी, गेला की शुकशुकाट. मथुरेला मूल नव्हतं, बाळ नव्हतं. तिचा एक बोका होता. पांढरा, गुबगुबीत, लोण्याच्या गोळ्यासारखा. म्हणून त्याचं नाव लोणोबा.

आता सासूचं सांगते. सासू मनाची वाईट नव्हती, पण शुभाशुभाची भारी. अशुभ शब्द उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. नारळ फोडला म्हणायचं नाही, नारळ वाढवला. बांगडी फुटली म्हणायचं नाही, बांगडी वाढली. हे तर तुम्ही आम्ही सगळ्याच म्हणतो. पण भागीरथीबाई चार पावलं पुढं. मीठ संपलं, तर मीठ वाढलं. तूप कमी झालं, तर तूप वाढलं. एकदा पाहुणे आले, "पीठ वाढलंय" ऐकून खुशाल जेवायला थांबले, आणि ताक पिऊन घरी गेले. घरात 'कमी' हा शब्द काढायचा नाही, लक्ष्मी ऐकते, असं तिचं म्हणणं.

लोणोबाचे मात्र लाड होते. सकाळी दूधभात, दुपारी दहीभात, रात्री सायीची वाटी. सत्यनारायणाचा शिरा आला की पहिला घास त्याचा. पेढा आला की पहिला तुकडा त्याचा. बोका खाई, लोळे, झोपे. उंदीर त्याच्या शेपटीवरून जायचे.

पुढं एके दिवशी काय झालं? लोणोबा पाणी प्यायला लागला. घंगाळातलं प्यायला, तांब्यातलं प्यायला, तुळशीच्या आळ्यातलं प्यायला. पिऊन पिऊन घरभर ओलं करायला लागला. खायचा बकासुरासारखा आणि वाळायचा काडीसारखा. पाठीचे मणके हाताला लागायला लागले. ओट्यावर उडी मारवेना. मागचे पाय टाचांवर टेकून म्हाताऱ्यासारखा चालायला लागला.

मथुरेचा जीव थाऱ्यावर राहीना. मग तिनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. गुण आला नाही. मग मेथ्यांचा काढा पाजला. लोणोबानं तो तिच्याच लुगड्यावर ओकला. मग देवळातला अंगारा लावला. अंगारा लावलेला बोका पुन्हा घंगाळाशी जाऊन पाणी प्यायला लागला.

सासू वैतागली. म्हणाली, "मथुरे, माझं सोवळं राहिलं नाही. देवघरात ओलं, माजघरात ओलं, माझ्या जपाच्या आसनावर ओलं! षष्ठीच्या सणाला चार महिने आहेत, तेवढी वाट बघीन. तोवर हा धड झाला तर झाला. नाही तर सोमा नावाड्याला सांगून ठेवलंय. पोत्यात घालील आणि नदीपलीकडच्या मासळीबाजारात सोडून येईल."

मथुरा म्हणाली, "सासूबाई, असा आजारी जीव तिकडं कसा जगायचा?"

सासू म्हणाली, "बाजारात काय वाढलंय खायला? सगळेच बोके जगतात."

मथुरेनं डोळे पुसले, लोणोबाला टोपलीत घातलं, वर पदर झाकला आणि घराबाहेर पडली. चौकात जनावरांचा दवाखाना होता. तिथं एक डॉक्टरीणबाई होती. मथुरा तिच्या पायाशीच बसली. म्हणाली, "बाई, बाई, माझ्या बोक्याला काय झालंय?"

डॉक्टरीणबाईनं लोणोबाच्या कानाला टोचलं, थेंबभर रक्त काढलं, यंत्राला लावलं. मग म्हणाली, "याला मधुमेह झालाय. माणसांना होतो तसा मांजरांनाही होतो. लाडावलेल्या बोक्यांना जरा जास्तच. खाल्लेलं अंगी लागत नाही, अंगातली साखर पाण्यावाटे वाहून जाते."

मथुरा म्हणाली, "यावर काही वसा आहे का?"

"वसा आहे. पण तुला कशाला हवा? उतशील, मातशील, चार दिवस करून टाकून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. सकाळी ताट, ताटामागून इन्सुलिनची सुई. दिवेलागणीला ताट, ताटामागून सुई. वेळ चुकवायची नाही. जेवला नाही तर सुई टोचायची नाही, आधी मला विचारायचं. दूधभात बंद, शिरा बंद, पेढा बंद. मासळी द्यायची, अंडं द्यायचं. माझ्या शब्दाशिवाय सुईचं माप बदलायचं नाही. आणि कधी झोकांड्या खायला लागला, तर साखर फार उतरली समजायचं, हिरड्यांना मध चोळायचा आणि धावत माझ्याकडं यायचं."

मथुरेनं वसा घेतला. पहिल्या दिवशी सुई लोणोबाच्या केसांत गेली, औषध जमिनीवर. दुसऱ्या दिवशी सुई मथुरेच्या बोटात गेली, लोणोबा माळ्यावर. तिसऱ्या दिवशी तिनं मानेमागच्या कातडीची चिमूट धरली, देवाचं नाव घेतलं, टोचलं. लोणोबानं ताटातून मान वर केली, तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खायला लागला. मथुरा तिथंच बसून रडली आणि हसली.

मासळीवरून मात्र महाभारत झालं. सासू म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात मासळी?" मथुरेनं परसात तीन दगड मांडले, चूल केली, वेगळं पातेलं घेतलं. ती मासळी उकडायची, आणि सासू नाकाला पदर लावून खिडकीतून बघत बसायची. बघायची मात्र रोज. शेजारणी कुंपणावरून म्हणायच्या, "ऐकलंत का, माणसांना औषध मिळेना आणि बोक्याला इंजेक्शनं!" एक म्हणाली, "पदरी मूल नाही ना, मग असं होतं." मथुरा ऐकून घ्यायची. रात्री उशी ओली करायची, सकाळी उठून ताट मांडायची.

वसा फळाला यायला लागला. लोणोबाचं पाणी पिणं उतरलं. घर कोरडं झालं. मणक्यांवर मांस धरलं. मथुरा देवाला म्हणाली, "षष्ठीमाते, तुझं वाहन तूच सांभाळ, मी नुसती सुई धरते."

पण देव परीक्षा घेतल्याशिवाय देत नाही. ते कसं, ते ऐका.

शुक्रवार होता. मथुरा तापानं फणफणली. आणि त्याच दिवशी सकाळी, ताटाच्या आणि सुईच्या आधी, लोणोबाला दाखवायला न्यायचं होतं. मथुरा अंथरुणातून उठायला गेली तशी भोवळ येऊन पडली. सासू म्हणाली, "तापलेली सून रस्त्यानं चालली तर लोक मला नावं ठेवतील. दे ती टोपली." आणि नाकाला पदर लावून निघाली.

डॉक्टरीणबाईनं कानाला टोचलं, यंत्राला लावलं, आणि आनंदली. "आजी, बोक्याची साखर छान उतरलीय. आता सुई कमी करायला सांगा सुनेला. निम्मी करायची. विसराल का?"

सासू म्हणाली, "मी? सप्तशती पाठ आहे मला."

घरी आली. समई तेवत होती, पूजा मांडून ठेवलेली होती. पाय धुतले आणि थेट देवापुढं बसली. आता भागीरथीबाईंची पूजा म्हणजे अशी लांब, की देवही अवघडून बसायचे. मथुरेनं अंथरुणातून विचारलं, "सासूबाई, काय म्हणाल्या बाई?"

हातात अक्षता. समोर देवी. शुक्रवारचा दिवस. 'कमी' शब्द सासूच्या ओठांपर्यंत आला आणि तिनं तो गिळला. म्हणाली, "सुई वाढवायला सांगितलीय."

"किती?"

"निम्मी." आणि घंटा वाजवायला लागली.

मथुरेच्या मनात आलं, पाणी तर आता थोडंच पितो, मग वाढवायची कशाला? पण बाईंचा शब्द, आणि तो सासूनं आणलेला, देवापुढं बसून सांगितलेला. ताप डोक्यात ठणकत होता. ती भिंतीला धरून उठली. लोणोबाला ताट वाढलं, तो जेवला. मग रोजची सुई घेतली, वर निम्मी आणखी घेतली, आणि टोचली.

उन्हं डोक्यावर आली. नैवेद्याची तयारी झाली. आणि लोणोबा माजघरातून बाहेर आला तो झोकांड्या खात. भिंतीला धडकला, मागं फिरला, खांबाला धडकला. मथुरेकडं तोंड करून एकदा ओरडला, तो आवाज त्याचा नव्हता. मग कुशीवर पडला आणि पाय झाडायला लागला.

मथुरा किंचाळली, "सासूबाई, लोणोबा चालला!"

सासू धावत आली. "असा कसा? निम्मी दिलीस ना?"

"दिली की! रोजची दिली आणि वर निम्मी वाढवून दिली!"

"वाढवून? अगं, कमी करायची होती!"

"तुम्हीच म्हणालात वाढवा!"

"अगं वाढवा म्हणजे कमी कर गं! नारळ वाढवतो तेव्हा काय नारळाला दुसरा नारळ जोडतो?"

मथुरेच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. "मध," ती म्हणाली. "मध आणा, मध!" पण उठवेना.

घरातला मध कुठं होता? पंचामृतासाठी काढलेला, देवापुढं, वाटीत. नैवेद्य अजून दाखवायचा होता. बायांनो, त्या सासूनं जन्मात कधी देवाआधी तुळशीचं पान तोंडात घातलं नव्हतं. पण ती वळली, देवघरात शिरली, म्हणाली, "आई, तू नंतर जेव," आणि देवीपुढची वाटी उचलली. सोवळ्यानं जमिनीवर बसली. ज्या बोक्याला कधी हात लावला नव्हता, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बोट मधात बुडवलं आणि हिरड्यांना चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. चोळताना मोठमोठ्यानं म्हणत होती, "कमी! कमी! कमी! ऐक लक्ष्मी, ऐकायचं तर ऐक! मेली माझी जीभ, कमीच म्हणायचं होतं!"

पाय झाडायचे थांबले. श्वास नीट चालू झाला. डोळे फिरलेले होते ते सरळ झाले. आणि लोणोबानं काय केलं? सासूचं बोट कचकन चावलं.

"चावला!" सासू ओरडली. "मथुरे, चावला गं! जिवंत आहे मेला!" बोटातून रक्त येत होतं आणि ती हसत होती.

मग टोपली शोधायला वेळ कुणाला? सासूनं बोका सोवळ्याच्या पदरात गुंडाळला, मधाची वाटी हातात घेतली, आणि भर दुपारी अनवाणी चौकाकडं धावली. शेजारणी कुंपणावर आल्या. एक म्हणाली, "भागीरथीबाई, अहो सोवळं!" सासू म्हणाली, "घाला चुलीत!"

डॉक्टरीणबाईनं लोणोबाला सलाईन लावलं, दिवसभर ठेवून घेतलं. संध्याकाळी म्हणाली, "आजी, बोका वाचला. मध वेळेवर लावलात." सासूनं मान खाली घातली. म्हणाली, "लावला मी, आणि वेळ आणली तीही मीच. बाई, यापुढं मला जे सांगाल ते दोनदा सांगा, आणि माझ्याकडून वदवून घ्या." मग डॉक्टरीणबाईनं सांगितलं, आणि सासूनं भर दवाखान्यात, कुत्र्यांच्या, बकऱ्यांच्या आणि एका पोपटाच्या देखत म्हटलं, "सुई कमी करायची. निम्मी ठेवायची."

घरी येऊन सुनेचं तापलं कपाळ चेपत बसली. म्हणाली, "मथुरे, मी तुझं लेकरू मारत होते गं."

त्या दिवसापासून वसा दोघींचा झाला. मथुरा सुई धरायची, सासू ताट धरायची. परसातल्या चुलीवर मासळी कोण उकडायचं, ते विचारू नका. नाकाला पदर होता, पण हातात पळीही होती. सुई निम्मी झाली, मग पाव झाली. दर खेपेला लोणोबाचा कान टोचला जायचा आणि दोघी सासवासुना यंत्राकडं डोळे लावून बसायच्या, जणू पोराचा निकाल लागायचाय. शेवटी एके दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाली, "बायांनो, याची साखर आता आपली आपण जागेवर राहतेय. सुई बंद. खाणं मात्र हेच ठेवा, लाड करू नका, अधूनमधून दाखवत राहा." सगळ्याच बोक्यांचं असं होत नाही, काहींना जन्मभर सुई लागते, आणि त्यांचा वसा जन्मभर करायचा असतो. लोणोबाला देवी पावली.

षष्ठी उजाडली. दारात सोमा नावाडी उभा. खांद्यावर पोतं. म्हणाला, "बाई, तुम्ही बोलावलं हुतं. कुठाय ते मरतुकडं मांजर?"

लोणोबा पाटावर बसून पंजा चाटत होता. पोत्याचा वास आला तसा त्यानं अंग आकसलं, आणि एका झेपेत ओट्यावर, ओट्यावरून फळीवर, फळीवरून माळ्याच्या कडेवर गेला. तिथून खाली बघत शेपूट हलवायला लागला. मागचे पाय टाचांवर नव्हते, चवड्यांवर होते.

कुंपणावर शेजारणी जमल्या होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं भागीरथीबाई म्हणाली, "सोमा, पोतं घडी घाल आणि बस, जेवून जा. आमच्या घरात मरतुकडं कुणी नाही. तो वर बसलाय ना, तो माझा नातू आहे. आणि ही मथुरा, त्याची आई."

मथुरेच्या हातातलं पातेलं निसटलं. सासूनं ते उचललं, तिच्या हातात दिलं आणि तिचं तोंड पदरानं पुसलं. कुंपणावरची ती शेजारीण, मूल नाही म्हणणारी, आत आली, उंबऱ्याशी बसली. हळूच म्हणाली, "भागीरथीबाई, आमची म्हैस चार दिवस खात नाही हो. तुमच्या त्या बाईंकडं याल का माझ्याबरोबर?" सासू म्हणाली, "येईन. पण उतशील, मातशील, अर्ध्यात टाकशील."

जशी षष्ठीमाता लोणोबाला आणि मथुरेला पावली, तशी ती तुम्हाआम्हांला पावो. ज्यांच्या घरी मुका जीव आजारी आहे, त्यांना वेळेवर उठायची बुद्धी देवो, हाताला धीर देवो, आणि घरातल्या सासवांना स्पष्ट बोलायला शिकवो. ही साठां उत्तरांची कहाणी मी पाचां उत्तरांत सांगितली, एकही शब्द वाढवला नाही, एकही कमी केला नाही. तुमच्या पुण्याईनं सुफळ झाली, संपूर्ण झाली. टाका अक्षता.