मेली म्हणायचं नाही

ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत उपदेश कसा करावा हे शिकवायच्या सालोमीबाई, पण मोठ्या माणसापुढे त्यांचीच बोबडी वळायची. “मी म्हणजे पोहायला शिकवणारा दगड,” असं त्या स्वतःच सांगत.

त्या दिवशी सेमिनरी चालवणाऱ्या बोर्डाचे चेअरमन, रेव्हरंड अमोलिक, ती बंद करायलाच आले होते. मिशनऱ्यांनी बांधलेल्या या इमारतीत शिकून कितीतरी पाळक खेडोपाडी शुभवर्तमान सांगायला गेले होते. आता छत गळत होतं आणि वर्गात तिघंच उरले होते.

“सेमिनरी मेली आहे,” चेअरमन म्हणाले. “कुलूप लावा.”

प्रिन्सिपॉल शांतवन सर कुलूप आणायला उठले. सालोमीबाईंच्या तोंडून मात्र निसटलं, “साहेब, दफनविधीला तुम्ही पेटीतल्या माणसालासुद्धा मेला म्हणत नाही, प्रभूमध्ये निजला म्हणता. मग जिच्यात तीन जिवंत पोरं शिकताहेत, तिला मेली कसं म्हणता?”

चेअरमन म्हणाले, “बरं. हे तिघं पास होईपर्यंत थांबू.”

ते गेल्यावर सालोमीबाई हरखून म्हणाल्या, “सर, वाचली की हो आपली सेमिनरी!”

“हो,” सर म्हणाले. “आता तिघांना नापास कसं करायचं, तेवढं बघा.”