बिशपसाहेबांनी मागितलेलं नवं

खूप जुन्या काळी, निरोप घोड्यावरून यायचे तेव्हा, नदीकाठच्या एका गावात कौलारू देऊळ होतं. त्यात ख्रिस्ताची एक छोटीशी मंडळी भरायची. सगळी मिळून सदतीस माणसं, आणि त्यांचे एक साधेसुधे पाळक.

एकदा राजधानीतून बिशपसाहेबांचा निरोप आला. ‘जग पुढे चाललं आहे. कापणीच्या सणाला मी येईन. तोवर मंडळीत काहीतरी नवं दिसलं पाहिजे. नाहीतर देऊळ बंद करू. तुमची माणसं शहरातल्या मोठ्या मंडळीत जातील.’

पाळकांच्या तोंडचं पाणी पळालं. शहर दोन दिवसांच्या वाटेवर. म्हाताऱ्यांनी तिथं जायचं कसं?

त्यांनी उपदेशात कठपुतळ्या आणल्या. ऐन गंभीर वेळी मेंढपाळाचं मुंडकं तुटून दानाच्या थाळीत पडलं. सगळं देऊळ खो खो हसलं. मग त्यांनी विकायला करवंदांचा मुरंबा घातला. तो असा करपला की पातेलंच टाकावं लागलं.

पाळकबाई म्हणाल्या, “अहो, प्रभूनं तुम्हाला मेंढरं राखायला बोलावलंय. मुरंबा राखायला नव्हे.”

शेवटी रविवारी पाळक हात जोडून उभे राहिले. “मंडळी, माझी अक्कल संपली. पुढच्या रविवारी बिशपसाहेब येतील. प्रत्येकानं नवं घेऊन या.”

त्यांना हव्या होत्या नव्या कल्पना. पण त्या गावात ‘नवं’ म्हणजे नव्या पिकाचा तांदूळ!

रविवारी बिशपसाहेब घोड्यावरून उतरतात न उतरतात तोच माणसं आली. एकेकाच्या डोक्यावर टोपली, टोपलीत पांढराशुभ्र तांदूळ. सगळ्यांच्या पुढे मंडळीतल्या सालूमावशी. पाळकांनी कपाळाला हात लावला.

“अहो सालूमावशी, मी नवं आणायला सांगितलं होतं!”

“मग हे काय जुनं आहे? परवाच झोडलंय, काल कांडलंय.”

“आता आपलं देऊळ जाणार, मावशी,” पाळक हळूच म्हणाले.

“ते नंतर बघू. आधी चुली पेटवा. ज्याच्या शेतात काही पिकलं नाही, नव्याचा पहिला घास त्याचा. यंदा पलीकडच्या गावाचं सगळं पीक पुरात गेलंय.”

हे मात्र खरंच होतं. पाळकांनी बाह्या वर केल्या. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, म्हणून पाळकबाई प्रत्येक हंड्याशी जाऊन दटावत होत्या. प्रार्थना झाली आणि हंडे होडीत चढले. होडी डुगडुगायला लागली तशी सालूमावशी ओरडल्या, “बिशपसाहेब, नुसते बसू नका, झाकण धरा!” बिशपसाहेबांनी दोन्ही हातांनी झाकण धरलं.

पलीकडे पंगती बसल्या. गूळ-खोबरं घातलेला गरम भात पानावर पडला, आणि कितीतरी दिवसांनी त्या गावात मोठ्यानं हसणं ऐकू आलं. कुणीतरी भजन सुरू केलं. ज्यांना शब्द येत नव्हते त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

पाळक बिशपसाहेबांजवळ गेले. “साहेब, खोटं कशाला बोलू? हे आमच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलंय. यात नवं काहीच नाही.”

बिशपसाहेबांनी भात घेण्यासाठी पान पुढे सरकवलं. “तीन महिने मंडळ्या पाहत फिरतोय. कुणी रोषणाई दाखवली, कुणी दुकान दाखवलं. जेवायला मात्र कुणीच बसवलं नाही. मी स्वतःच भलतं मागत होतो, पाळक. तुमचं देऊळ चालू राहील.”

पाळकांनी भातवाढी घेतली आणि ते पुढच्या पंगतीत वाढायला धावले.

पुढच्या रविवारी पलीकडून तीन होड्या भरून माणसं उपासनेला आली. देवळात बसायला जागा पुरली नाही, तेव्हा सालूमावशींनी अंगणात चटया अंथरल्या.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: लोकांना ओढायला रोज नवी युक्ती लागत नाही, आपलं प्रेमाचं काम मनापासून करत राहावं लागतं.