शांत समुद्राचं भाकीत

“म्हणजे जो संगणक अजून उभाच राहिला नाही, त्याचा वेग तू आजच सांगतेस?” केळुसकर सरांनी विचारलं. वेदांगी आणि मी त्यांच्या घरी बसलो होतो.

“मिनिटापर्यंत सांगते, सर,” वेदांगी म्हणाली.

तिचा आत्मविश्वास उसना नव्हता. तीन वर्षं डोकं झिजवून तिने हे गणित मांडलं होतं. नवा महासंगणक येणारं चक्रीवादळ आधीच आकड्यांत चालवून बघणार. समुद्राचे दोन लाख तुकडे, प्रत्येक तुकड्याला एक प्रोसेसर. दर पावलाला प्रत्येकाने शेजाऱ्याला आपली खबर द्यायची, त्याची घ्यायची, मगच पुढचं पाऊल. या निरोपांत किती वेळ जाईल, ते तिने काढलं होतं.

“चार तासांत अंदाज हातात. होड्या परत बोलवायला भरपूर वेळ. उद्या समितीपुढे सही करते.”

“आणि चुकलीस तर?”

“तर होड्या समुद्रातच राहतील. पण चुकणार नाही, सर. जुन्या संगणकावर ताडून पाहिलंय. फरक दोन टक्के.”

“ताडताना समुद्र कसला घेतलास?”

“शांत. आकडे स्वच्छ येतात.”

सर उठले.

आत गेले, स्वतः चहा करून आणला आणि कपबशी तिच्यापुढे धरली.

वेदांगी लॅपटॉपवर आलेख दाखवण्यात रंगली होती. तारांची लांबी, निरोपांचा आकार, वाटेतली वळणं... सगळं चोख होतं, हे मलाही मान्य. सर उभेच. त्यांचा म्हातारा हात अवघडला, बशी वाजू लागली, तरी बाईंचं लक्ष नाही. मला तिचा रागच आला. मी कप घ्यायला उठलो, तर सरांनी मला डोळ्यांनीच खाली बसवलं.

शेवटी एकदाचा तिने कप घेतला. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

“गार झालाय, सर.”

“माझ्या हातातून तुझ्या हातात यायला किती वेळ लागला?”

“कितीसा... अर्धा सेकंद.”

“बरोबर. तेवढा वेळ तुझ्या गणितात आहे.”

तिची नजर पडद्यावरच्या शांत, निळ्या समुद्राकडे गेली. त्यातल्या एका तुकड्यावर तिने बोट ठेवलं.

“वादळ ज्याच्या तुकड्यात शिरेल, त्याचं गणित लांबेल, आणि शेजारी वाट बघत...” ती अडखळली. “सर, उद्या सही करू ना?”

“कर की. पण आधी सांग, चहा गार झाला कुठे?”