आवडा नावाडीण आणि तिसरा धूर

दोष येमाजी पाटलाचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गावातली जुनी माणसं ही गोष्ट सांगताना नेमकी इथे खोकतात आणि म्हणतात, तेव्हाचा काळच तसा होता. काळाला काय तोंड होतं? हुकूम पाटलाने सोडला होता, आणि बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या होत्या.

तर फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता तेव्हा, या काठाला खैरवडी होती आणि त्या काठाला पिंपरोळ. दोन्ही गावं सारखीच गरीब. दोन्हीकडे चूल दोनदा पेटायची, सकाळी आणि दिवस मावळताना. दुपारी सकाळचीच भाकरी कांद्याबरोबर खायची, वर पाणी प्यायचं, की झालं. कुणाचं काही अडत नव्हतं.

मग एका बाजाराच्या दिवशी पिंपरोळच्या कुणीतरी, स्वतःची चूलही दुपारी गार असताना, चेष्टा केली. "काय पाटील, दुपारचा तुमच्याकडं धूर दिसत नाही. रोजचाच उपास काय?" माणसं हसली, बाजार उठला, विषय संपला. येमाजीचा संपला नाही. तो घरी आला आणि त्याने दवंडी पिटवली की उद्यापासून खैरवडीच्या प्रत्येक घरातून दुपारी तिसरा धूर निघालाच पाहिजे. शिजवायला काही असो वा नसो.

शिजवायला नव्हतंच. मग बायका चुलीवर नुसतं पाणी ठेवायच्या. आत एक वाटी उपडी घालायच्या, म्हणजे उकळलं की खडखड वाजावं आणि शेजारणीला वाटावं, काहीतरी शिजतंय.

बघता बघता जवळचा डोंगर बोडका झाला. तेव्हा लाकूड वरच्या घाटातून विकत यायला लागलं, एका मोळीला एक पायली नाचणी. पोरांच्या ताटातली भाकरी अर्धी झाली, पण धूर पुरा राहिला. पाटलाने तर पुढे हुकूम काढला की सणावाराला निखाऱ्यावर चमचाभर तूप टाकायचं, वास पलीकडे गेला पाहिजे. असं म्हणतात, त्या दिवसांत खैरवडीचे बगळे काळे झाले होते, आणि पावसाचे ढग तो धूर बघून पुढे निघून जायचे. त्यांना वाटायचं, इथे आपल्यातले आधीच येऊन बसलेत.

ही लाकडं नदीतून आणायची ती आवडा. नवरा गेल्यावर तिने वल्हं हातात घेतलं होतं. मोळीमागे तिला ओंजळभर दाणे मिळायचे, म्हणजे धुरावर तिचंही पोट होतं. पण नऊ वर्षं लाकडं वाहून होडीचा तळ उलला होता. मागच्या श्रावणात एका बाळंतिणीला पलीकडच्या सुईणीकडे नेताना मधेच पाणी भरलं आणि पोर होडीतच जन्मलं, गुडघाभर पाण्यात. मायलेकरं वाचली, कशी ते नदीलाच माहीत. आता आवडाची एकुलती एक लेक हौसा पोटुशी होती. तिचेही दिवस श्रावणातच भरत होते, आणि सुईण पलीकडेच होती.

आवडा पाटलाच्या ओट्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पाटील, होडी या पावसाला टिकत नाही. नवी पायजे."

"गावाकडं दाणा उरतोय कुठं, आवडे?"

"चुलीत जातोय की. तिसरी चूल बंद करा. मोळीचा दाणा घराघरातनं बाजूला ठिवू. मिरगाच्या आत होडी येती."

"आन पलीकडचे काय म्हणतील? खैरवडीचं दिवाळं निघालं?"

"त्येंच्याकडं बी मडक्यात पाणीच हाय, पाटील. मी रोज जाती, माझ्या डोळ्यानं बघती."

ओट्यावरचे म्हातारे हसले. एकजण म्हणाला, "ही दोन्ही काठाचं खाती, हिचं काय ऐकायचं?" आणि पाटील म्हणाला, "बाईनं वल्हं मारावं, तोंड मारू नये." नऊ वर्षांत यातला एकही बाबा नदी ओलांडून बघून आला नव्हता. तो कमीपणा झाला असता ना.

आवडा मागे फिरली. लेक दारातच वाट बघत बसली होती.

"काय झालं, आये?"

"काय व्हायचंय! हसली समदी."

मग पाटलाची दाढ सुजली. गाल एवढा फुगला की डोळा दिसेना. असं म्हणतात, तो तीन दिवस असा ओरडला की कुत्री गाव सोडून शेतावर राहायला गेली. दाढ काढणारा वैदू पिंपरोळला. शेवटी पाटील भर दुपारी पागोट्याचं टोक तोंडावर घेऊन घाटावर आला आणि खाली बघत म्हणाला, "चल गं."

आवडाने होडी सोडली.

नदीच्या मधोमध आले तेव्हा तिसऱ्या चुलीची वेळ झाली. या काठाने धूर उठला. त्या काठानेही उठला. दोन्ही धूर वर जाऊन होडीच्या बरोबर डोक्यावर एकमेकांना भिडले आणि सूर्य दिसेनासा झाला. आणि तेवढ्यात होडीचा तळ कडाडला. पाण्याचं कारंजंच उडालं.

"पागोटं द्या," आवडा म्हणाली.

"काय?"

"पागोटं! का पवता येतंय तुमास्नी?"

येत नव्हतं. पाटलाने पागोटं उतरवलं. आवडाने ते भेगेत ठोसायला सुरुवात केली. असं म्हणतात, ते पागोटं बावीस हात लांब होतं आणि भेगेने शेवटचा हात गिळला तेव्हा कुठे पाणी थांबलं.

बोडक्या डोक्याचा, भिजलेला, सुजलेला येमाजी पिंपरोळच्या पहिल्या घरात शिरला. ते तिथल्या गुणाजी पाटलाचं घर निघालं. गुणाजी घाबरून उभा राहिला. त्याची बायको चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली होती, डोळे लालभडक.

येमाजीने आत पाहिलं आणि तो खवचटपणे म्हणाला, "जेवण रांधताय जणू?"

मडकं खडखडत होतं. कुणी काही बोलायच्या आत आवडाने पुढे होऊन झाकण उचललं. आत पाणी होतं, आणि पाण्यात उपडी वाटी.

येमाजी बघत राहिला. वाटी त्याच्या घरीही तशीच होती.

"तुमी... कवापास्नं?"

"तुमी सुरू केलं तवापास्नं!" गुणाजीची बायको कडाडली. "तुमचा धूर थांबला आसता तर आमीबी थांबवला आसता की. नऊ वर्सं! डोळं गेलं माझं फुंकून फुंकून. आन ह्यो म्हातारा म्हनायचा, आदी त्येंनी थांबवायचं."

गुणाजीने मान खाली घातली. येमाजीने आधी तोंड वाकडं केलं, मग त्याला हसू फुटलं. तो इतका हसला की दाढ आपोआप निखळून चुलीपुढे पडली. वैदूचं काम उरलं नाही.

गुणाजीच्या बायकोने परवानगी मागितली नाही. तिने ते मडकं उचललं आणि चुलीत ओतलं. शेजारणीने तो आवाज ऐकला, तिनेही ओतलं. असा एकेक धूर तुटत गेला. खैरवडीच्या बायकांनी पलीकडचं आभाळ मोकळं होताना पाहिलं आणि त्यांनीही आपापली मडकी ओतली. पाटलाच्या घरात सगळ्यात आधी.

मग दोन्ही गावांनी एकदम श्वास सोडला. असं म्हणतात, तो सुस्कारा एवढा मोठा होता की पागोटं ठोसलेली ती होडी वल्ह्याविना या काठाला येऊन लागली. आवडा आत नुसती बसून होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्या हाताला काम नव्हतं.

त्या दिवसापासून वाचलेला दाणा आवडाच्या अंगणातल्या कणगीत पडायला लागला. असं म्हणतात, ती कणगी रोज वीतभर उंच व्हायची, कारण नऊ वर्षं चुलीत गेलेला दाणाही लाजून परत येत होता. मृग लागायला दोन दिवस असताना नवी होडी पाण्यात उतरली. श्रावणात, नदी दुथडी भरून वाहत असताना, सुईण त्याच होडीतून आली. हौसाला मुलगी झाली, कोरड्या खाटेवर. आवडाने नातीला हातात घेतलं आणि दारात नेऊन नदी दाखवली.

लाकडाचा धंदा गेला, म्हणून तिची आणि लेकीची भाकरी दोन्ही गावांनी आळीपाळीने पुरवली. म्हातारी झाल्यावर ती एका सकाळी एकटीच होडी घेऊन धुक्यात गेली. संध्याकाळी होडी घाटावर होती, वल्हं वाळलेलं होतं. कोणी म्हणतं, ती वरच्या घाटात राहते आणि तोडायला काढलेल्या झाडांना मिठी मारून बसते.

आज पूल आहे, तरीही मृगाच्या आदल्या दिवशी दोन्ही गावांत चूल पेटत नाही. भिजवलेले पोहे आणि ताक, बस्स. वाचलेल्या गॅसचे नि लाकडाचे पैसे होडीच्या डागडुजीला जातात, कारण पूर आला की पूल बुडतो. त्या दिवशी कुणीही कुणाच्याही घरात शिरून मडक्यावरचं झाकण उचलू शकतं, आणि चोरून चूल पेटवणाऱ्याला, मग तो सरपंच का असेना, नदीच्या चार खेपा वल्हवाव्या लागतात. त्याला आवडाचा दिवस म्हणतात.

येमाजी पाटील त्यानंतर अठरा वर्षं जगला. गावाने त्याला त्या नऊ वर्षांबद्दल एकदाही काही विचारलं नाही.