खडपाकडे लागलेला नारळ

“तात्या, शिट्टी कधी देणार?”

सर्वेश हुपरीकरने सलग तिसऱ्या दिवशी हेच विचारलं. तात्या कुबल होडीचा दोर गुंडाळत राहिले.

बुडणाऱ्याला काढायला कोणी जायचं, हे त्या किनाऱ्यावर तात्या ठरवत. ते ज्याच्या गळ्यात शिट्टी घालतील, तो जीवरक्षक. प्रमाणपत्रं मागाहून.

सर्वेश कोल्हापूरचा. पंचगंगेचा पूर आडवा कापलेला गडी, आणि हे सांगायला तो कधी विसरत नसे. एक गोष्ट मात्र सांगत नसे. दोन वर्षांपूर्वी याच पाण्यात त्याचा मित्र दिग्विजय गेला. सर्वेशने त्याला गाठलं होतं, धरलंही होतं. हात गळेपर्यंत सरळ किनाऱ्याकडे ओढलं होतं. तेव्हापासून तो रोज दंड कमावत होता.

“आता माझा हात सुटणार नाही, तात्या.”

“बरां.”

नारळी पौर्णिमेचा नारळ नुकताच वाहून झाला होता. तात्यांनी दुसरा, न सोललेला, सोडणासकट नारळ उचलला. आजूबाजूला लाटा फुटत होत्या, मधे एका पट्ट्यात पाणी गरीब दिसत होतं. नेमका तिथे फेकला.

“ह्यो माणूस समज. घेवन ये.”

आणि होडी घेऊन मागोमाग निघाले.

सर्वेशने नारळ हां हां म्हणता गाठला, बगलेत मारला आणि किनाऱ्याकडे वळला. दहा मिनिटं गेली. वीस गेली. त्या पट्ट्यातलं पाणी आत ओढत होतं, किनारा लांबच जात होता. होडी दहा हातांवर होती. तात्या नुसते बघत होते.

शेवटी दंड आखडले. नारळ सुटला.

पुन्हा सुटला...

तो उताणा पडून राहिला. रडत होता की धापा टाकत होता, त्याचं त्याला ठाऊक. नारळ थोडा आत गेला, मग बाजूला वळला, मग लाटांवर बसून खडपाकडे, कडेच्या खडकांकडे निघाला. त्याच्यामागून सर्वेश, हातपाय न मारता.

खडकाजवळच्या वाळूत दोघे लागले. आधी नारळ.

वाहिलेला नारळ शोधायला गावातलं कोणी समोर जात नाही, सगळे इथेच येऊन बसतात. हे सर्वेशला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

बराच वेळ तो नारळ मांडीवर घेऊन बसला.

“तात्या... दिग्याला मी ओढायलाच नको होतं.”

तात्या होडीतून वाळूत उतरले.

“शिट्टी नको मला. पण मी इथून हलणार नाही. शिकवा.”

तात्यांनी गळ्यातली शिट्टी काढली. तिची दोरी सावकाश नारळाभोवती गुंडाळली, आणि नारळ परत त्याच्या मांडीवर ठेवला.

“ह्येका विचार. आणि उद्या सकाळी येताना ते हात घराक ठेवन ये.”