बंद दाराआडचा फणस

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली. भर समुद्रात एक बेट होतं. बेटाच्या मधोमध सगळ्या गावाचा एक फणस होता. उन्हाळ्यात पहिलं फळ पिकलं की पाटलाने ते चव्हाट्यावर फोडायचं आणि पहिला गरा पोटुशी बाईच्या हातावर ठेवायचा, अशी तिथली रीत होती. त्यात गरीब-श्रीमंत काही नव्हतं.

एका वर्षी वादळाने कोवळी फळं झडली. एकच फणस तगला. तेव्हा एका नावाड्याची बायको पोटुशी होती. तिला भाताचा वासही सोसत नव्हता. डोहाळे लागले होते ते फक्त गऱ्यांचे. ती रोज झाडाखाली जाऊन फणसाकडे बघून यायची.

एका सकाळी फणस झाडावर नव्हता. ती तशीच पाटलाच्या घरी गेली. दार आतून बंद, आणि अंगणभर घमघमाट!

तिने कडी वाजवली. पाटील बोटं चोळत बाहेर आला. बोटांना तेल, तेलात चिकाचे दोरे.

"मामा, फणस पिकला वाटतं?"

"पिकला होता. राजाला नजराणा पाठवला."

"मग हाताला खोबरेल कशाला?"

"गुडघे धरलेत गं. चोळत होतो."

"गुडघ्यांना चीक येतो होय?"

तिच्या अंगाची लाही झाली. ती ओरडली, "माझ्या बाळाचा घास गिळता आणि वर राजाचं नाव सांगता? बरं! माझा नवरा उद्या होडी घेऊन राजधानीला निघालाय. फणस गोड होता का, ते राजालाच विचारून येईल!"

पाटलाचा चेहरा उतरला. "हळू बोल, पोरी. अर्धा उरलाय. मागच्या दाराने घेऊन जा. कुणाला कळायचं नाही."

तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तरी ती जागची हलली नाही.

"मागच्या दाराने चोर जातात, मामा. मी माझ्या हक्काचं मागायला आलेय. चव्हाट्यावर आणा!"

एव्हाना गाव जमलं होतं. अर्धा फणस डोक्यावर घेऊन पाटलाला सगळ्यांदेखत चालावं लागलं. गरे थोडे, माणसं पुष्कळ. पहिला गरा तिला मिळाला, मग पोरांना. मोठ्यांनी आठळ्या उकडून खाल्ल्या. पाटलाशी कुणी अवाक्षर बोललं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात फणस फोडायला गावाने दुसरा पाटील नेमला. का, म्हणून विचारायला जुन्याला तोंड नव्हतं.

तात्पर्य: सगळ्यांचा वाटा जो लपून एकटा खातो, तो सगळ्यांच्या मनातून कायमचा उतरतो.