अपशकुनी टिटवी

पाखरांचा दरबार भरायचा तेव्हाची गोष्ट. मोर युवराजाने टिटवीशी झालेला साखरपुडा भर सभेत मोडला.

"अपशकुनी कुठली! पाहुणा आला की ओरडतेस."

शेजारच्या लाडक्या मैनेने डोळे पुसले. "बोकोबांसारख्या सज्जनालाही हिने हाकललं!"

टिटवीची मान ताठच होती. "मी पाहुण्यावर नाही, त्याच्या नखांवर ओरडते. पण तुमची मर्जी, युवराज." आणि ती नदीकाठी निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी बोकोबा आले. कोणीच ओरडलं नाही. मैना भुर्रकन उडाली आणि युवराजाचा पिसारा बोकोबांच्या पंजात राहिला.

बोडका युवराज नदीकाठी धावला. "टिटवे, परत चल! राणी करतो तुला."

टिटवी कर्कश ओरडली.

"आता काय झालं?"

"काही नाही," टिटवी म्हणाली, "पाहुणा आलाय."